वरच्या मजल्यावरचा एक बेड

हॉस्पिटलात त्यांना सगळे उशीबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांची होती, आणि तीही फक्त चहाच्या वेळी. नाव पडायला कारणही तसंच होतं. विषबाधेचा कुठलाही पेशंट असो, उशीबाई खाटेपाशी आल्या की आधी नाडी बघत, मग डोळे, मग छाती, आणि शेवटी त्याच्या डोक्याखालची उशी सरळ ओढून घेत.

"हं, आता मान उचला. हनुवटी छातीला लावा. मी सांगेपर्यंत खाली टेकवायची नाही."

नातेवाईक एकमेकांकडे बघत. एवढी शिकलेली डॉक्टर, आणि आजारी माणसाकडून व्यायाम कसला करून घेते?

व्यायाम नव्हताच तो. फवारणीच्या औषधांची एक खोड असते. ती अंगात गेली की आधी मोठा गोंधळ घालतात. तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत पाणी, माणूस अर्धमेला. सगळे धावतात, इंजेक्शनं देतात, आणि एक-दीड दिवसात माणूस कोरडा ठणठणीत होऊन चहा मागतो. घरच्यांच्या जिवात जीव येतो, डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. आणि नेमकं तेव्हाच, कुणाचं लक्ष नसताना, स्नायू एकेक करून संप पुकारायला लागतात. पहिली जाते मान. गडी गप्पा मारत असतो, हसत असतो, पण डोकं उशीवरून उचलता येत नाही. आणि उशीवर डोकं ठेवून पडलेल्या माणसाला मान उचलायची गरजच पडत नसल्यामुळे हे ना त्याला कळतं, ना घरच्यांना. मानेनंतर पाळी श्वासाची. म्हणून उशी काढायची.

आयसीयू दोन मजले वर. खाटा मोजक्या, आणि त्यातल्या बहुतेक हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशंटांनी अडवलेल्या. लिफ्ट मनात आलं तर येणारी. विषबाधेचे पेशंट खाली वॉर्डात येत, आणि त्यातलं कोण वर जाणार हे उशीबाई ठरवत. असा लेखी नियम कुठेच नव्हता. त्या इतकी वर्षं इतक्या हट्टाने भांडल्या होत्या की शेवटी भांडण्यापेक्षा त्यांना विचारणं लोकांना सोपं वाटायला लागलं. त्यांचं म्हणणं एकच असे. "कोण किती भयंकर दिसतोय ते मला सांगू नका. विष चढायचंय की उतरायला लागलंय, ते सांगा."

बाई एकट्या राहत. हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या, एक गॅलरी आणि गॅलरीत कुंड्या, ज्यांच्यावर कधीही कसलंही औषध मारलं जात नसे, त्यामुळे झाडांपेक्षा किडे जास्त सुखी होते. आई धाकट्या भावाकडे. सुट्टीच्या दिवशी त्या तिकडे जेवायला जात आणि पानं घ्यायच्या आत बाथरूममध्ये शिरून फरशी पुसायचं औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेलं नाही ना, हे बघून येत. भाऊ वैतागे. "ताई, तू जेवायला आली आहेस की धाड टाकायला?" तेवढ्यापुरती त्याची बायको हसे. आईच्या झोपेच्या गोळ्या मात्र उशीबाईंनी स्वतःच्या हाताने वरच्या कपाटात ठेवल्या होत्या, आणि भावाला बजावलं होतं की रोज एक गोळी तूच काढून द्यायची.

त्या दिवशी सकाळी राऊंडला त्या वॉर्डात शिरल्या तेव्हा फवारणीवाला खाटेवर पडल्या पडल्या शेजारच्या पेशंटला हसवत होता. फुलझाडांच्या एका मोठ्या नर्सरीत तो कामाला होता. परवा पाठीवरचा पंप गळत होता. पंप बदलायला गेलं तर काम मागे पडेल म्हणून त्याने तसाच दिवसभर ओढला, आणि औषधाने चिंब झालेला शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावरच ठेवला. आणलं तेव्हा तोंडाला फेस होता. आज गडी खुशीत होता. त्याची बायको धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट मांडीवर घेऊन बसली होती, कारण काल कुणीतरी तिला सांगितलं होतं की बहुतेक उद्या सोडतील.

"मॅडम, सोडा आता घरी," फवारणीवाला म्हणाला. "इथलं जेवण खाऊन मी पुन्हा आजारी पडेन."

"सोडते की," म्हणत बाईंनी उशी ओढली. "मान उचला."

तो हसला. मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या, खांदे ताणले, ओठ आवळले. डोकं गादीपासून जेमतेम बोटभर वर आलं आणि धप्पकन खाली पडलं.

"झोपून झोपून आखडलीय मान," तो म्हणाला, तरीही हसत.

"असेल. आता एक मोठा श्वास घ्या आणि त्या एकाच श्वासात जेवढे आकडे म्हणता येतील तेवढे म्हणा."

काल हाच माणूस पंचविसापर्यंत गेला होता. आज अकरावर थांबला आणि नव्याने श्वास घेतला. बाईंनी त्याला खोकायला लावलं. खोकला कसला, नुसता घसा साफ केल्यासारखा आवाज. बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन मात्र झकास होता. तो तसाच असतो, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणून बाईंचा त्या आकड्यावर कधी विश्वास नव्हता.

"सिस्टर, वर फोन करा," त्या म्हणाल्या. "बेड आहे का विचारा. असेल तर हा जातोय. आत्ता."

बायकोने मांडीवरच्या शर्टाची घडी घट्ट धरली. "वर म्हणजे? बरे झालेत ना हे?"

बाई तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. असं सांगायचं असलं की त्या उभ्याने सांगत नसत. "बरे दिसतायत. पण श्वास घ्यायची ताकद कमी होत चालली आहे. आज ना उद्या मशीन लावावं लागेल. मशीन लावलं तर काही दिवसांत उठून बसतील. ते मशीन वर आहे, म्हणून वर न्यायचं."

"आणि नाही नेलं तर?"

"नेणार आहोत," बाई म्हणाल्या.

वरून निरोप आला, एक बेड रिकामा आहे. फक्त एकच. बाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि तेवढ्यात खालून कॅज्युअल्टीतून पोरगेलासा डॉक्टर धावत आला. "मॅडम, तुमचे भाऊ आलेत. आईंना घेऊन."

बाई आणि मोठ्या सिस्टर खाली धावल्या. आई स्ट्रेचरवर होती. तोंड उघडं, घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. भावाच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. "उठतच नाहीये, ताई. सकाळपासून हलवतोय." त्याच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं आणि बोलताना तो ते चुरगळत होता. आई रोज झोपायच्या वेळी गोळीसाठी हाका मारते, म्हणून गेल्या आठवड्यात त्याने पाकीट तिच्या उशापाशीच ठेवलं होतं. आईला आताशा मघाचं आठवत नसे. एक घेतली, विसरली, दुसरी घेतली. पाकिटात निदान सहा गोळ्या कमी होत्या.

उशीबाईंनी भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत शेकडो नातेवाईकांचे असे चेहरे त्यांनी बघितले होते. आज आपला चेहरा तसा झाला असणार, हे त्यांना कळलं, आणि त्यांनी आईच्या नाडीकडे गेलेला हात मागे घेतला.

"मी हिची मुलगी आहे, डॉक्टर नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या सरांना बोलवा. हिचं ते ठरवतील."

आयसीयूचे सर एके काळी त्यांचेच विद्यार्थी. शांत, हुशार माणूस. ते धावत खाली आले. त्यांनी आईला चिमटा काढला, आईने हात झटकून घेतला. घशात नळी जराशी घातली, आई खोकली. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हृदयाची पट्टी ठीक. ब्लडप्रेशरच्या गोळ्या कपाटात जशाच्या तशा आहेत, हे भावाने बायकोला फोन करून पक्कं केलं. उताऱ्याचं इंजेक्शन होतं, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते, म्हणून सरांनी ते टाळलं. मग ते उशीबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. माझ्याकडे एक बेड आहे. आईंना घेतो मी."

मोठ्या सिस्टरांनी स्ट्रेचरचा ब्रेक काढला सुद्धा. कुणी काही वावगं करत नव्हतं. आपल्या माणसाचं आपण बघायचं, ही त्या हॉस्पिटलची रीतच होती. कुणाच्या सासऱ्याला, कुणाच्या बहिणीला असाच बेड मिळाला होता आणि त्यात कुणाला पाप वाटलं नव्हतं. भावाने डोळे पुसले आणि सरांना हात जोडले.

"तो बेड मी सकाळीच मागितलाय," उशीबाई म्हणाल्या. "फवारणीवाल्यासाठी."

"बघितलं मी त्याला येता येता," सर म्हणाले. "ऑक्सिजन उत्तम आहे. बोलतोय. लागलंच तर बघू की."

"लागेल तेव्हा तो लिफ्टची वाट बघत असेल."

"मॅडम, ही तुमची आई आहे."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. एक सांगा. ही माझी आई नसती, रस्त्यावरून आणलेली कुणी म्हातारी असती, तर कुठे ठेवली असतीत?"

सरांनी आईकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, बाईंनी ती लागूच दिली नव्हती. "वॉर्डात," ते म्हणाले. "कुशीवर वळवून. मॉनिटर लावून. कुणीतरी सतत जवळ."

"का?"

ही त्यांची परीक्षेतली जुनी तऱ्हा. सरांना घाम फुटला, पण उत्तर आलं. "कारण हिचं उतरायला लागलंय. त्याचं चढतंय."

"मग तसंच करा."

भाऊ आत्तापर्यंत नुसता ऐकत होता. आता त्याचा आवाज चढला. "ताई, वेड लागलंय का तुला? बेड आहे म्हणतायत ते! स्वतःहून देतायत! परक्या माणसासाठी तू आपल्या आईला..." पुढचं त्याला बोलवेना. मग बोलला, आणि टोचून बोलला. "तुला काय. तू सुट्टीच्या दिवसाची पाहुणी. रोज तिला मी बघतो."

हे खरं होतं, आणि म्हणून ते जिव्हारी लागलं. बाईंना वाटलं, हो म्हणावं. एक शब्द. कुणीही दोष देणार नाही, उलट सगळ्यांना बरंच वाटेल. वॉर्डातल्या फवारणीवाल्याच्या मानेबद्दल त्यांच्याशिवाय कुणालाही काही वाटत नव्हतं. त्यांना भीती वाटत होती, आईची खूप भीती वाटत होती, आणि त्यांनी पाय रोवले ते त्या भीतीसकट.

"तू बघतोस, मला माहीत आहे," त्या भावाला म्हणाल्या. "आजही तूच बघ. तिच्याजवळ बस. घोरणं चालू आहे तोवर ठीक. आवाज बदलला की ओरड."

फवारणीवाला वर गेला. लिफ्ट आली नाही, चौघांनी त्याला जिन्याने चढवला आणि तो वाटेत त्यांची माफी मागत राहिला. शर्ट घेऊन बायको मागोमाग.

आईला वॉर्डात दाराजवळची खाट मिळाली. दुपारी जेवणाची ताटं वाजत असताना भाऊ ओरडला. घोरणं थांबलं होतं. छाती हलत होती, पण तोंडातून हवा येत नव्हती, आणि मॉनिटरवरचा आकडा घसरत होता. उशीबाई तेव्हा दोन खाटा पलीकडे होत्या. त्या आल्या, आईच्या डोक्यामागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तिचा जबडा खालून पुढे ओढून धरला. मागे पडलेली जीभ सुटली, एक लांब घरघर झाली आणि हवा आत गेली. आकडा चढला. बाईंनी बोटं जरा सैल केली. आकडा पुन्हा घसरला. त्यांनी पुन्हा जबडा धरला आणि मग सोडलाच नाही.

"वर न्या ना आता!" भाऊ म्हणाला.

"वर बेड नाही," बाई म्हणाल्या. "मी आहे."

सिस्टरांनी नाकातून घालायची नळी आणली, पण आईच्या वाकड्या नाकात ती जाईना आणि रक्त यायला लागलं, म्हणून तो नाद सोडला. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मी धरते थोडा वेळ, बाईंनी मान हलवून नको म्हटलं. मनगटं भरून आली, मग बधिर झाली. पेशंट खाटेपाशी येऊन विचारत, बाई तशाच उभ्या राहून गोळ्या सांगत, सलाईन सांगत, एकाला तर सिगारेटवरून चार शब्द सुनावलेही. भाऊ समोर बसून आईच्या ओठांकडे बघत होता. बहिणीकडे त्याने बघितलं नाही.

उन्हं कलताना वरून सर आले. दारातच थांबले. "मॅडम, फवारणीवाला," ते म्हणाले. "अर्ध्या तासापूर्वी श्वास उथळ झाला, आणि बोलता बोलता थांबला. आम्ही शेजारीच होतो. नळी घातली, मशीन लावलं. छान चाललंय." आणि पुढे म्हणाले, "इथे असता तर गेला असता."

बाईंनी मान डोलावली. हात तसेच होते. सरांनी त्यांची बोटं बाजूला केली आणि आपली लावली, आणि या वेळी बाईंनी नको म्हटलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला आईने सरांच्या हातावर जोरात चापट मारली. "कोण मेला गळा दाबतोय?" सरांनी जबडा सोडला. आईने डोळे उघडले, भिंत बघितली, सलाईन बघितलं आणि भावाला विचारलं, "चहा झाला का रे?" भाऊ लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला थोडा ताप होता, खोकला होता, आणि तिच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना निळे डाग उमटले होते. भावाने रात्रभर मनात धरून ठेवलेलं तेव्हा बाहेर काढलं. लहानपणी करायचा तशी सरळ चहाडी केली. "आई, वर आयसीयूत तुला बेड मिळत होता. ताईने तो दुसऱ्याला देऊन टाकला."

आईने उशीबाईंकडे बघितलं. "कुणाला?"

"फुलांच्या नर्सरीत फवारणी करतो एक जण," बाई म्हणाल्या. "त्याला जास्त गरज होती."

"वाचला का?"

"मशीनवर आहे. वाचेल."

"आणि मी गेले असते म्हणजे?"

बाईंनी खरं ते सांगितलं. "मी जन्मभर रडले असते. पण बेड त्यालाच दिला असता."

भावाने मान फिरवली. आई उशीवर जरा वर सरकली. मग तिने विचारलं, "त्याला बायको आहे?"

"आहे. वर बाकावर बसलीय, काल सकाळपासून."

"तिला कळू देऊ नका हे," आई म्हणाली. "बेड कुणाचा होता ते. आधीच नवरा असा पडलेला, त्यात हे ओझं कशाला बिचारीला." आणि भावाकडे वळून म्हणाली, "तू पण. ऐकलंस ना? तुझ्या पोटात काही राहत नाही."

भाऊ उठला आणि वॉर्डाबाहेर गेला. बाईंना वाटलं, गेला घरी. आता महिनाभर तरी हा आपल्याशी बोलणार नाही, आणि त्याचंही काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

राऊंड आटपून त्या फवारणीवाल्याला बघायला जिना चढत होत्या. शेवटच्या वळणावर त्यांना भावाचा आवाज ऐकू आला आणि त्या थांबल्या. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर तो फवारणीवाल्याच्या बायकोशेजारी बसला होता. घरून आईसाठी आणलेल्या थर्मासमधून तो तिला चहा ओतून देत होता. शर्ट अजून तिच्या मांडीवरच होता.

"तुमचं कोण आहे आत?" तिने विचारलं.

"आत कुणी नाही," भाऊ म्हणाला. "आई आहे, खाली वॉर्डात. काल शुद्धीवर नव्हती. आता उठलीय, भांडतेय."

"वॉर्डातच बऱ्या झाल्या? आयसीयू लागलंच नाही?"

भावाने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

"नाही," तो म्हणाला. "आम्हाला नाही लागलं. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."